छपराखालचा हिवाळा

द्राक्षे गार ठेवणे हा माझा एकतीस वर्षांचा उद्योग. पिंपळगाव बसवंतच्या परिसरातील शीतगृहांत पेट्या प्री-कूलिंगच्या खोलीत लावायच्या, काही तासांत घडांतली उष्णता काढून त्या शून्य अंशाच्या आसपास आणायच्या आणि कंटेनर भरून न्हावा शेवाकडे रवाना करायचा, यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यांतले पुष्कळ कंटेनर रॉटरडॅमला जात, त्यामुळे नेदरलंड्स हा देश न पाहताच मला कागदोपत्री पाठ झाला होता. निवृत्तीनंतर आम्ही उभयता आम्स्टेलवेनला लेकीकडे गेलो, तेव्हा फेब्रुवारीची अखेर होती. "बाबा, ट्यूलिपला अजून अवकाश आहे. तोवर तुमच्या आवडीचे काही तरी पाहून या, चारशे मीटर लांबीचा फ्रीझर," असे ती म्हणाली आणि तिने आम्हाला हेरेनवेनची, तिथल्या थियाल्फ नावाच्या बर्फावरच्या स्केटिंगच्या सभागृहाची, तिकिटे काढून दिली. शनिवारी ती स्वतः येणार होती. तोवरचे तीन दिवस आम्ही दोघेच होतो.

पहिला दिवस, बुधवार

आम्सटरडॅमच्या दक्षिण स्थानकावरून लेवार्डेनकडे जाणारी गाडी लेलिस्टाडच्या भागात समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरून धावते, झ्वोलेवरून उत्तरेकडे वळते आणि पावणेदोन तासांच्या आत हेरेनवेनला पोहोचते. गावाचे नाव पाटीवर दोनदा लिहिलेले असते, एकदा डच भाषेत आणि एकदा फ्रिशियन भाषेत, आणि फ्रिस्लंड प्रांतातील माणसांना दुसऱ्या नावाचा अभिमान जास्त आहे, हे पहिल्या तासाभरातच कळून चुकते. हे नाव सरळ अर्थाचे आहे. १५५१ साली तीन जमीनदारांनी येथे पीट, म्हणजे जळणासाठी वापरतात ती दलदलीतली कुजकट माती, खणून काढण्यासाठी वसाहत केली; जमीनदारांची दलदल ती हेरेनवेन. पीट वाहून नेण्यासाठी कालवे खणले गेले, हिवाळ्यात ते कालवे गोठले आणि गोठलेल्या कालव्यांवर माणसे घसरू लागली. या गावाच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ माझ्या मते त्या खणण्यात आहे.

आम्ही उतरलो ते घर एका अरुंद कालव्याच्या काठी होते. घरमालकीण आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पाठीत ताठ, बोलणे मोजके. त्यांनी चहाबरोबर साखरेचे खडे घातलेला गोड पाव आणि लवंगा घातलेले चीज पुढे केले. चीजमध्ये लवंग हा प्रकार पत्नीला इतका आवडला, की पुढच्या पाच दिवसांत आमच्या पिशवीत ते नेहमी असे. शाकाहारी माणसाने फ्रिस्लंडला जाताना हे दोन पदार्थ लक्षात ठेवावेत; इथले प्रसिद्ध घट्ट वाटाण्याचे सूप मात्र मागण्याआधी चौकशी करावी, कारण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे सॉसेज असते.

आम्ही थियाल्फ पाहायला आलो आहोत, असे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मी तिथे जायचे तेव्हा वर छप्पर नव्हते. पाऊस पडला की आम्ही पावसात घसरायचो, आणि वारा समोरून असला की त्या बाजूला चालत गेल्यासारखे वाटायचे." मला या वाक्यात इतिहासाची एक अख्खी पायरी सापडली, कारण दुसऱ्या दिवशी जे वाचले ते याच्याशी तंतोतंत जुळत होते.

दुसरा दिवस, गुरुवार

थियाल्फ हे नाव आधी एका मंडळाचे आहे आणि मग एका इमारतीचे. १८५५ साली हेरेनवेनमध्ये या नावाचा बर्फ-क्लब निघाला. तेव्हा इमारतीचा प्रश्नच नव्हता. बर्फ निसर्ग देत असे आणि क्लबाचे काम तो झाडून साफ ठेवणे, शर्यती लावणे आणि बक्षिसे देणे एवढेच होते. नाव घेतले आहे नॉर्स पुराणकथेतून. थोर या देवाचा थियाल्फी नावाचा चपळ सेवक राक्षसांच्या दरबारात एका पोराशी धावण्याची पैज लावतो आणि तिन्ही वेळा हरतो, कारण ते पोर म्हणजे प्रत्यक्ष विचार, मन असते. मनालाही मागे टाकणाऱ्या मारुतीला रोज सांजवेळी आठवणाऱ्या माणसाला मनाकडून हरणारा धावपटू थोडा कमीच वाटणार. पण हरलेल्याच्या नावाने धावण्याचे सर्वांत मोठे घर बांधावे, यात फ्रिशियन माणसाचा स्वभाव दिसतो, असे मला वाटून गेले.

चारशे मीटरची कृत्रिम बर्फाची धावपट्टी नेदरलंड्समध्ये प्रथम आम्सटरडॅमला १९६१ मध्ये झाली. हेरेनवेनची १९६७ मध्ये, आणि तीही उघड्यावर. आर्ड शेंक आणि केस फेरकेर्क या डच स्केटरांनी त्या दशकात देशाला या खेळाचे वेड लावले होते, आणि प्रेक्षक पाऊस-वाऱ्यात उभे राहून शर्यती पाहत. नोव्हेंबर १९८६ मध्ये या धावपट्टीवर छप्पर आले. संपूर्ण चारशे मीटरचा मार्ग छपराखाली असलेली अशी सभागृहे तेव्हा जगात जवळजवळ नव्हती. पूर्व बर्लिनने थोडे आधी एक बांधले होते, आणि कॅल्गरीचे १९८८ च्या ऑलिंपिकसाठी त्यानंतर आले.

सकाळच्या सर्वसामान्यांच्या सत्रासाठी आम्ही पायीच गेलो. स्थानकापासून अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे. बाहेरून ही वास्तू विशेष भपकेबाज दिसत नाही, पण आत पाऊल टाकताच माझे पाय थबकले. खांब नसलेल्या प्रचंड छपराखाली पांढऱ्या बर्फाचा एक लंबवर्तुळ पट्टा पसरलेला, त्याच्या पोटात आणखी जागा, आणि भोवती बारा हजारांहून अधिक माणसांच्या बैठका. नाकाने सवयीप्रमाणे अमोनियाचा वास शोधला. तो आला नाही, हे चांगल्या प्लांटचे पहिले लक्षण.

बर्फावर जी मंडळी होती, त्यांनी मला सभागृहापेक्षाही जास्त धरून ठेवले. आमच्याकडे क्रीडासंकुल म्हटले की स्पर्धा नसेल तेव्हा कुलूप असते. येथे गुरुवारी सकाळी दहा वाजता निम्मी माणसे सत्तरीची होती. दोन्ही हात पाठीमागे बांधून, कंबरेत किंचित वाकून, घाई न करता ती फेऱ्यांमागून फेऱ्या मारत होती. आपल्याकडे पहाटे बागेत फिरणारे निवृत्त लोक जसे जोडीजोडीने राजकारण बोलत फिरतात, अगदी तसे, फक्त चौपट वेगाने. मधल्या लहान बर्फावर शाळेची मुले धातूच्या चौकटी ढकलत शिकत होती. आजींच्या पिढीत मुलांपुढे स्वयंपाकघरातली लाकडी खुर्चीच ठेवली जात असे.

मीही स्केट्स भाड्याने घेतले. लांब, सरळ पात्याच्या स्केट्सना इथे 'नोरेन' म्हणतात, म्हणजे नॉर्वेवाले. नवख्या माणसाने त्यांच्या वाटेला न जाता आखूड पात्याचे, घोट्याला आधार देणारे स्केट्स घ्यावेत. भिंतीला धरून मी एक वळण पार केले, दुसऱ्या वळणावर भिंत सोडण्याचा शहाणपणा केला आणि उजव्या मनगटावर आपटलो. जाड हातमोजे होते म्हणून सालपट गेले नाही, सूज मात्र आली. तीन-चार आजोबा वळून आले, एकाने मला असे उचलले जणू मी द्राक्षांची पेटी आहे, आणि बाकावर आणून बसवले. पत्नी वरच्या बैठकीवरून खाली येईपर्यंत त्यांनी आपल्या थर्मासमधली कॉफीही ओतली होती. "अहो, वयाला शोभेल असे करा," एवढेच ती बोलली.

मला उचलणारे गृहस्थ गाईंचा गोठा सांभाळून निवृत्त झालेले होते. त्यांच्याशी तासभर बोलणे झाले ते एकाच विषयावर, एल्फस्टेडेनटोख्त, म्हणजे अकरा शहरांच्या फेरीवर. फ्रिस्लंडमधील अकरा जुन्या शहरांना जोडणारी ही सुमारे दोनशे किलोमीटरची फेरी गोठलेल्या कालव्यांवरून आणि सरोवरांवरून एका दिवसात पुरी करायची असते. सगळ्या मार्गावर बर्फ सुमारे पंधरा सेंटिमीटर जाड असेल तरच ती होते. पहिली अधिकृत फेरी १९०९ मध्ये झाली आणि आजवर फक्त पंधरा झाल्या. आजोबांनी १९८६ ची केली होती. पहाटेच्या काळोखात निघाले, प्रत्येक शहरात कार्डावर शिक्का मारून घेतला आणि मध्यरात्रीच्या आत लेवार्डेनला पोहोचले, तेव्हा त्यांना फेरी पुरी करणाऱ्यांना देतात तो लहानसा क्रूस मिळाला. त्याच वर्षी आजचे राजे विलेम-अलेक्झांडर, तेव्हाचे युवराज, 'वान बुरेन' असे टोपणनाव लावून या गर्दीत घसरले होते. "तुम्ही त्यांना पाहिलेत का?" असे मी विचारले. "मी फक्त बर्फातल्या भेगा पाहत होतो," असे उत्तर आले.

१९८६ हे साल नंतर माझ्या डोक्यातून गेले नाही. फेब्रुवारीत कालव्यांवरची फेरी, एप्रिलमध्ये याच गावात स्केटर स्वेन क्रामरचा जन्म आणि नोव्हेंबरमध्ये थियाल्फवर छप्पर. त्यानंतर बाहेरची फेरी केवळ एकदा झाली, ४ जानेवारी १९९७ ला. छपराखाली मात्र त्या क्रामरने मोठे होऊन चार ऑलिंपिक सुवर्णपदकांपर्यंत मजल मारली आणि सर्वंकष, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांच्या एकत्रित निकालाच्या, प्रकारातील जागतिक अजिंक्यपद नऊ वेळा जिंकले.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द: मोठ्या स्पर्धांच्या आठवड्यांत सर्वसामान्यांच्या सत्रांचे वेळापत्रक बदलते, म्हणून आदल्या दिवशी पाहून घ्यावे. मोजे पातळ आणि एकच जोडी घालावी. दोन जाड मोज्यांत पाय सैल राहतो आणि घोटा मुरगळतो. हातमोज्यांशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये.

तिसरा दिवस, शुक्रवार

मनगटाला पट्टी बांधून मी मार्गदर्शकाबरोबर वास्तू आतून पाहण्याच्या फेरीला गेलो. पत्नी आजींबरोबर बाजारात गेली. वाचकांपैकी ज्यांना यंत्रांचे वावडे आहे त्यांनी हा दिवस ओलांडून पुढे जावे. मला मात्र हाच सर्वांत सुखाचा गेला.

बर्फ दिसतो त्याहून फारच पातळ असतो, केवळ काही सेंटिमीटर. त्याच्या खाली काँक्रीटची लादी, लादीत जवळजवळ बसवलेल्या नळ्या आणि नळ्यांतून फिरणारे शीतद्रव्य. लादीखाली उष्णतारोधक थर, नाही तर खालची जमीन गोठून फुगते आणि लादी उचलते. हे सगळे आमच्या शीतगृहाच्या फरशीचेच थोरले भावंड आहे. बर्फ एकदम ओतून होत नाही. पाणी फवाऱ्याने थरावर थर देऊन गोठवतात, मध्ये पांढरा रंग देतात, रेषा आखतात आणि पुन्हा वर पारदर्शक थर चढवतात. पाणी शुद्ध केलेले असते, कारण क्षारांमुळे बर्फ ठिसूळ आणि ओबडधोबड होतो. दोन शर्यतींच्या मध्ये यंत्र फिरते ते वरचा खरडलेला पापुद्रा काढून त्यावर गरम पाण्याची पातळ साय पसरवते. गरम पाणी कशाला, असे फेरीतल्या एका मुलाने विचारले. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते जुन्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते. थंड पाणी नुसते वर बसते. डच लोक या कामाला फरशी पुसणे म्हणतात आणि त्या वेळेला पुसण्याची सुट्टी.

खरी कसोटी मात्र हवेची. द्राक्षांच्या खोलीत आम्ही दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर ठेवतो, कारण कोरड्या हवेत देठ सुकतो आणि घड शिळा दिसतो. येथे उलटा न्याय आहे. हवेत ओल असेल तर ती बर्फावर दवासारखी गोठते, बर्फ खरखरीत होतो आणि पाते अडते. त्यात प्रेक्षक येऊन बसतात. माणूस स्वस्थ बसला तरी सुमारे शंभर वॉट उष्णता बाहेर टाकतो. दहा हजार माणसे म्हणजे हजार किलोवॉट, आमच्या भाषेत २८० टनांहून अधिक रेफ्रिजरेशनचा भार. ही सगळी उष्णता बर्फावर उतरत नाही, पण ती श्वासातली ओल घेऊन छपराखाली फिरते, आणि ती बाहेर काढताना बर्फावर वाऱ्याची झुळूकही येता कामा नये, कारण शंभराव्या हिश्श्याच्या सेकंदाने हरणारा खेळाडू त्या झुळकीचा हिशेब मागेल. जुन्या सभागृहाचे हे दुखणे होते. २०१५ आणि २०१६ मध्ये थियाल्फ जवळजवळ नव्याने बांधले गेले, उष्णतारोधक आवरण बदलले, छपरावर हजारो सौर पट्ट्या आल्या. थंडी तयार करायला सूर्य लावावा, हे गणित मी एका नाशिककराच्या मत्सराने पाहिले.

सर्वांत वेगवान बर्फ मात्र हेरेनवेनचा मानला जात नाही. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि सॉल्ट लेक सिटीजवळचे सभागृह चौदाशेहून अधिक उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे अंगाला अडणारा रोध कमी, आणि जागतिक विक्रम बहुतेक त्याच दोन ठिकाणी होतात. हेरेनवेन जवळजवळ समुद्रपातळीवरच आहे. म्हणून इथले लोक सखल प्रदेशातील बर्फावरचे विक्रम असा वेगळा हिशेब ठेवतात, आणि शर्यतीच्या दिवशी हवेचा दाब उतरला की खेळाडू मनातून खूष होतात. वादळाची चाहूल लागल्यावर आनंदी होणारे खेळाडू मी दुसरीकडे पाहिले नाहीत. आपल्याकडे द्राक्षबागायतदार तेव्हा देव पाण्यात ठेवतो.

संध्याकाळी पत्नी बाजारातून हसत आली. किराणा दुकानातल्या द्राक्षांच्या खोक्यावर 'इंडिया' असे लिहिलेले तिने पाहिले होते, आणि आजींना ती बराच वेळ खुणेने सांगत होती की हे माझ्या नवऱ्याचे काम. घड मी उजेडाला धरून पाहिला. देठ हिरवे होते.

चौथा दिवस, शनिवार

लेक सकाळच्या गाडीने आली. राष्ट्रीय पातळीवरच्या शर्यती होत्या, आणि गावाने नारिंगी रंग चढवला होता. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारशे मीटरचा दुहेरी मार्ग असतो आणि दोनच खेळाडू घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात. आतला मार्ग आखूड आणि बाहेरचा लांब, म्हणून प्रत्येक फेरीत समोरच्या सरळ भागावर दोघे मार्ग बदलतात. बदलताना दोघे एकाच ठिकाणी आले तर बाहेरून आत येणाऱ्याचा हक्क पहिला. हे सोपे वाटते, पण २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत प्रशिक्षक खेरार्ड केमकेर्स यांच्या चुकीच्या इशाऱ्यावर स्वेन क्रामर चुकीच्या मार्गात गेला आणि सर्वांत कमी वेळ नोंदवूनही बाद ठरला. बैठकीवरच्या शेजारीणबाई हे सांगताना अशा उसासल्या, की प्रसंग काल घडला असावा.

पहिली गोळी सुटण्याआधी सभागृहात जी शांतता पसरते ती ऐकण्यासारखी आहे. हजारो माणसे श्वास धरून बसतात, बर्फावर पाते खुपसल्याचा कर्रकन आवाज येतो, आणि मग गोंगाट खेळाडूच्या पाठोपाठ फिरत जातो. तो ज्या वळणावर असेल त्या वळणावरचे लोक उभे राहतात, त्यामुळे डोळे मिटले तरी शर्यत कुठे आली हे कळते. पाचशे मीटर पस्तीस सेकंदांच्या आत संपतात, म्हणजे सरासरी ताशी पन्नास किलोमीटरहून अधिक, आणि तेही स्वतःच्या मांड्यांच्या बळावर. दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या; तेवढ्यात लोक सूप पिऊन येतात, पण फेरीचा वेळ मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो. शेजारच्या एका बाईंच्या मांडीवर वही होती आणि प्रत्येक फेरीचा वेळ त्या पेन्सिलीने लिहीत होत्या. पडद्यावर सगळे आकडे दिसत असताना हे कशासाठी, असे लेकीने विचारले. "माझे वडील लिहायचे," त्या म्हणाल्या.

दर पावलाला एक टक असा आवाज येत होता, तो कशाचा हे मला आधी कळेना. तो क्लॅप स्केटचा. जुन्या स्केटमध्ये पाते बुटाला टाच आणि चवडा अशा दोन्ही ठिकाणी पक्के असे, त्यामुळे ढकलताना टाच उचलली की पाते बर्फावरून सुटे. आम्सटरडॅमच्या व्रिये विद्यापीठातील खेरिट यान वान इंगेन स्खेनाऊ या शास्त्रज्ञाने चवड्याखाली बिजागरी बसवली. टाच उचलली तरी पाते बर्फाला चिकटून राहते, घोट्याचा जोरही वापरला जातो आणि मग स्प्रिंगने पाते टक करून परत टाचेला लागते. ही युक्ती वर्षानुवर्षे खेळाडूंनी बाजूला ठेवली होती. जानेवारी १९९७ मध्ये याच थियाल्फमध्ये टोनी डे योंग या फ्रिशियन मुलीने तिच्या बळावर जर्मनीच्या गुंडा नीमानला मागे टाकून युरोपीय अजिंक्यपद जिंकले आणि पुढच्या वर्षीच्या नागानो ऑलिंपिकपर्यंत सगळे क्लॅप स्केटवर आले होते. तिथे नेदरलंड्सने या खेळात पाच सुवर्णपदके घेतली. स्खेनाऊ त्यानंतर दोनच महिन्यांनी वारले. अकरा शहरांची शेवटची फेरी आणि या पात्याचा विजय, दोन्ही एकाच जानेवारीतले.

मग पुसण्याची सुट्टी झाली. यंत्रे बर्फावर आली आणि त्याबरोबर ब्रास बँड सुरू झाला. ढोल, ट्रम्पेट आणि थट्टेच्या चाली. अशा बँडला पुसण्याचा बँडच म्हणतात, आणि यंत्राच्या फेऱ्यांकडे लोक जणू तीही एक शर्यतच आहे अशा आवेशाने पाहतात. आजूबाजूचे सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डोलू लागले. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या आमच्या कुटुंबाला यात अवघड असे काहीच नव्हते. पत्नीने तर शेजारीणबाईंची वही सांभाळायला घेतली.

तिकीट काढताना वळणाच्या बैठका स्वस्त असतात म्हणून नाक मुरडू नये; झुकलेले शरीर, आतल्या हाताचा तोल आणि पाय ओलांडण्याची लय तिथेच दिसते. आत गारवा बेताचा असतो, पण बसून राहिल्यावर पाय गारठतात, तेव्हा जाड तळव्याचे बूट घालावेत.

पाचवा दिवस, रविवार

स्नेकपर्यंत बस आणि तिथून स्टाव्होरेनकडे जाणारी लहान रेल्वे पकडून आम्ही तिघे हिंडेलोपेनला गेलो. स्थानक गावाबाहेर आहे आणि वाट उघड्या कुरणांतून जाते. वाऱ्याने बोलणेसुद्धा अशक्य केले होते. हे अकरा शहरांपैकी एक, आणि त्याचे 'शहर' असणे पाहून हसू येते, कारण ते आपल्या एखाद्या गावठाणाएवढे आहे. इथल्या लाकडी सामानावरची फुलापानांची रंगीत नक्षी प्रसिद्ध आहे.

इथल्या स्केटिंग संग्रहालयात लाकडी ओंडक्यात पाते बसवून चामडी पट्ट्यांनी बुटाला बांधायचे फ्रिशियन स्केट्स भिंतभर लावलेले आहेत. १९६३ च्या फेरीचा कोपरा सर्वांत शांत आहे. त्या दिवशी कडाक्याची थंडी, बर्फाचे वादळ आणि फुटलेला बर्फ अशा स्थितीत नऊ हजारांहून अधिक हौशी लोक निघाले आणि त्यांतले केवळ ६९ शेवटपर्यंत पोहोचले. शर्यत रेइनिर पापिंग यांनी जिंकली. एका सहभागी माणसाचे गोठून काढावे लागलेले पायाचे बोट बरणीत जपून ठेवले आहे. लेकीने तोंड फिरवले. मी शीतगृहातला माणूस, मी वाकून पाहिले.

त्यानंतर बावीस वर्षे फेरी झाली नाही. १९८५ आणि १९८६ या दोन्ही वर्षी एव्हर्ट वान बेंटेम हा शेतकरी जिंकला, आणि १९९७ मध्ये हेन्क आंगेनेंट हाही शेतकरीच. २०१२ च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाने सामान बांधून ठेवले होते, पण दक्षिणेकडच्या मार्गावर बर्फ पुरेसा जाड झाला नाही आणि ती रद्द करावी लागली. १९८९ पासून डच लोक याच अंतराची पर्यायी फेरी ऑस्ट्रियातील वाइसनझे सरोवरावर करतात, परंतु ती सांगताना कोणाच्याही आवाजात १९९७ ची ती घोषणा येत नाही, "इत गिअत ओअन", म्हणजे "होणार!" संग्रहालयातील एका पडद्यावर ती घोषणा सतत चालू होती आणि एक वृद्ध जोडपे ती तीनदा ऐकून मग पुढे सरकले.

परतीच्या वाटेवर मी लेकीला म्हटले, की थियाल्फच्या छपराखाली मी जे पाहिले त्याला आमच्या धंद्यात एकच नाव आहे, साठवण. बाहेरचा हंगाम संपला, की माल आत ठेवतात. तिने विचारले, "आणि बाबा, साठवलेला माल किती दिवस टिकतो?" द्राक्षांचे उत्तर मला ठाऊक होते.

सहावा दिवस, सोमवार

रात्री आकाश निरभ्र राहिले आणि पारा शून्याखाली गेला. सकाळी सामान घेऊन बाहेर आलो, तर घरापुढच्या कालव्यावर काचेसारखी साय धरली होती. बदके एका कोपऱ्यातल्या मोकळ्या पाण्यात दाटीने बसली होती. आजी शाल गुंडाळून काठावर उभ्या होत्या. त्यांनी वाकून एक खडा उचलला आणि सायीवर सपाट फेकला. बर्फ जाड असेल तर असा खडा पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज करत दूर जातो, असे त्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. हा खडा दोन हात घसरला, त्याखाली एक बारीक तारा उमटला आणि तो बुडाला.

मी काठीने कडेचा एक तुकडा उचलून बोटांत धरला. जेमतेम अर्धा सेंटिमीटर. पंधराची गोष्ट कोणी काढली नाही. आजींनी तो माझ्या हातून घेतला, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि आमची गाडी कितीची आहे, असे विचारले.